उंबऱ्यापासून टीव्हीपर्यंत

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी माझी बायको वारली. मी तिच्याजवळ होतो. तिची आई स्वयंपाकघरात होती.

संध्याकाळी आमच्या नालवाडीच्या गल्लीतून मुलं लाकडी बैल घेऊन निघाली, तेव्हा शेजारच्या काकू आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि मुलांना पुढच्या घराकडे वळवत राहिल्या. एवढं मला आठवतं. त्या दिवसाचं बाकी बरंचसं मी इतरांकडून ऐकलं आहे, आणि ऐकलेलं एकमेकांशी जुळत नाही.

सासूबाई हिंगणीच्या. लेकीचं दुखणं वाढलं तेव्हा "आठ दिवस राहतो" म्हणून आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. त्यांच्या पिढीत आईनं लेकीच्या घरी मुक्काम करणं बरं समजत नाहीत, आणि जावयासमोर तर त्या कधी खुर्चीवर बसलेल्या नाहीत. मी खोलीत आलो की डोक्यावर पदर यायचा आणि नजर फरशीवर जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माझ्याशी थेट काही बोलल्याचं मला आठवत नाही. "जवाईबुवा च्या घेतील का, विचार नं," असं त्या लेकीला सांगायच्या. लेक माझ्याकडे वळून विचारायची, "घेणार का?" मी म्हणायचो, "हो म्हणावं." तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर असायचो. बायकोला याचं हसू यायचं. "माझ्यामुळे तुम्हा दोघांचं चाललंय," म्हणायची.

ती गेल्यावर आमच्यातला हा मधला माणूस गेला. आम्हाला मूल नाही. घरात सासूबाई आणि मी असे दोघं उरलो आणि एकमेकांशी बोलायची रीतच उरली नाही. मग त्या भांड्यांशी बोलू लागल्या. "च्या झाला बाप्पा," असं चहाच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे पाहून म्हणायच्या आणि कप ओट्याच्या कडेला ठेवून मागे सरायच्या. मी हातातल्या पुस्तकाला "आलो" म्हणायचो.

तेरवी झाल्यावर माझा मेव्हणा, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांना न्यायला आला. तो हिंगणीला शेती करतो. सासूबाईंनी त्याला सांगितलं की डोळे दाखवायचे आहेत, दवाखाना इथे वर्ध्यात आहे, हिंगणीहून जाणं-येणं जमणार नाही. "बरं, दाखवून घे अन मंग येजो," म्हणून तो गेला. डोळे मी दाखवले. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग झिजला आहे, कडेची नजर आहे, चष्म्यानं यात फरक पडणार नाही. ज्याच्याकडे सरळ पाहतील ते दिसणार नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसेल. हे सगळं त्यांनी मला सांगितलं आणि सासूबाई शेजारी पदर सावरत उभ्या होत्या. डोळे दाखवून झाले तरी त्या हिंगणीला गेल्या नाहीत. मी विचारलं नाही. विचारणार कुणामार्फत, हा एक भाग होता. त्यांनी जावं असं मला वाटत होतं की राहावं असं, हेही मला नक्की कळत नव्हतं.

एका दुपारी शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या. दोघी मेथी निवडत बसल्या. सासूबाई बोटांनी चाचपून निवडतात, काकूंपेक्षा लवकर. मी बैठकीत वाचत होतो. सासूबाई म्हणाल्या, "एक सांगू का बाई, कोनाले सांगू नोको. मले तिचं तोंड दिसत नाई."

"म्हणजे? फोटोतलं?"

"फोटोत त नुसती काच चमकते. डोये मिटले का दिसे. आता मिटले तरी दिसत नाई. हात दिसते, लुगडं दिसते, चालून राह्यली थे दिसते. तोंड नाई येत. मी माय हाओ तिची."

काकू काहीतरी म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी पुस्तक मिटलं होतं आणि त्याचा आवाज झाला होता.

भिंतीवरचा हार घातलेला फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. तो मलाही तिचा वाटत नाही. पण मेव्हण्याच्या लग्नाची सीडी आमच्या कपाटात होती. त्या लग्नात ती करवली होती. तिला पाहिल्याशिवाय त्या सीडीतली पाच मिनिटंही जात नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. सीडी लावायचं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. तिच्या आजारपणात तिच्या खोलीत ठेवलेला डब्यासारखा जुना टीव्ही मी लावून पाहिला. आत काहीतरी टकटक झालं आणि तोही गेला. गावातल्या एका स्टुडिओवाल्यानं ती सीडी पेनड्राइव्हमध्ये उतरवून दिली. "फोनवर पण टाकून देऊ का सर?" त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. फोनवर सासूबाईंना काय दिसणार होतं?

अशा रीतीनं मी मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलं. मी कधी टीव्ही पाहत नसे. आयुष्यभर इतिहास शिकवला. एखादी गोष्ट कळत नसली की तिच्याबद्दल वाचायचं, ही एकच पद्धत मला येते, म्हणून मी वाचायला लागलो. मोठा म्हणजे किती मोठा, हा पहिला प्रश्न. एके ठिकाणी लिहिलं होतं की बसण्याचं अंतर इंचांत मोजा आणि दीडनं भागा. दुसरीकडे अडीचनं भागा असं होतं. तिसऱ्या ठिकाणी म्हटलं होतं की भागाकार करू नका, डोळ्यांना बरं वाटतं ते घ्या. अंतर मोजायला टेप काढला तेव्हा लक्षात आलं की कुठून मोजायचं हेच ठरलेलं नाही. सोफा भिंतीपासून जवळ होता, पण सोफ्यावर सासूबाई बसणार नव्हत्या. त्या बसतात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, पाट घेऊन, दाराच्या चौकटीला टेकून. मी बैठकीत असलो की त्यांची जागा ती. म्हणून मी टेपचं टोक उंबऱ्याच्या कडेला दाबून धरलं आणि समोरच्या भिंतीपर्यंत गेलो. मध्ये सोफा, टीपॉय आणि पुस्तकांचं कपाट लागलं. टेप त्यांच्यावरून वाकडा गेला. अंतर बरंच निघालं. दीडनं भागल्यावर जो आकडा आला तो त्या भिंतीवर मावणारा नव्हता आणि अडीचनं भागल्यावर आला तो मला कमी वाटला.

मी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. आधी त्रेचाळीस इंचांची, मग पन्नासची, मग पंचावन्नची. पहिल्या वेळेला इंच आडवे मोजले. मग वाचनात आलं की ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. सगळं काढून पुन्हा चिकटवलं. सासूबाई दाराशी आल्या, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ थांबल्या आणि आत जाऊन भांड्यांना म्हणाल्या, "भिंतीले ओल आली वाटते."

कशासाठी चाललं आहे ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो. त्यांनी ते मला सांगितलेलंच नव्हतं. काकूंना सांगितलं होतं, तेही कोणाला न सांगण्याच्या अटीवर. मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं तर त्या दुसऱ्या दिवशी हिंगणीला गेल्या असत्या, असं मला वाटत होतं. मेव्हण्याला फोन करून मी एवढंच म्हणालो की टीव्ही घेतो आहे. तो म्हणाला, "घ्या नं भाऊजी. एकट्या माणसाचं मन लागन." नंतर त्यानं आईला फोन केला. सासूबाईंच्या फोनचा आवाज घरभर येतो.

"आई, भाऊजी टीव्ही घेऊन राह्यले म्हणते."

"घेऊ दे त्यायले. दिवसभर पुस्तकात डोकं घालून राह्यते. पाहतीन दोन घटका."

म्हणजे त्यांच्या मते टीव्ही माझ्यासाठी येत होता. मी बैठकीत बसून हे ऐकलं आणि पंचावन्न इंचांच्या वर्तमानपत्राकडे पाहत राहिलो. तो गैरसमज दूर करावा की नाही, केला तर कोणत्या वाटेनं करावा, याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी दुकानात गेलो.

दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. दुकानात गर्दी होती. भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट पंख पसरत होता. मग सगळ्यांवर एकदम समुद्र आला, मग कापलेलं कलिंगड.

"या सर. पाहा, कलर कसा उठून राह्यला," दुकानातला विक्रेता म्हणाला. "घरी कोण कोण पाहते?"

"माझ्या सासूबाई."

"अन तुम्ही?"

"मी पाहत नाही."

"बरं. किती लांबून पाहते त्या?"

"स्वयंपाकघराच्या दारातून."

"मंग सोफ्यावर बसवा नं त्यायले."

"त्या सोफ्यावर बसत नाहीत."

"खुर्ची टाका."

"खुर्चीवरही नाही."

"काऊन जी?"

"मी घरात असतो ना."

शेजारच्या गिऱ्हाइकाला वॉशिंग मशीन दाखवणारा दुसरा विक्रेता मान न वळवता म्हणाला, "अबे, सासू आहे त्यायची. जवायासमोर बसन का थे?"

"हौ का!" पहिला हसला. "मंग सोपं आहे सर. टीव्ही लागला का तुमी बाहेर ओट्यावर जाऊन बसत जा. बत्तीस इंचात काम होते."

तिघं-चौघं हसले. मीही हसलो. पण त्याचं म्हणणं मी मनात खरोखर तपासून पाहिलं. मी बाहेर बसलो तर त्या आत येतील का? मी बाहेर बसलो आहे हे माहीत असताना येतील का? आणि मी बाहेर असलो तर टीव्ही लावणार कोण?

"एखादा माणसाचा चेहरा दाखवता का?" मी विचारलं.

"चेहरा?"

"पोपट नको. माणूस."

त्यानं एका टीव्हीवर बातम्या लावल्या. चौकटींत बसलेली पाच-सहा माणसं एकदम ओरडत होती. मी मागे मागे गेलो, फ्रिजच्या रांगेपर्यंत. अंगठा डोळ्यासमोर धरून मधला भाग झाकला आणि मान वळवून कडेनं पाहिलं. सासूबाईंना कसं दिसत असेल ते मला पाहायचं होतं. ओरडणारी माणसं रंगाचे ठिपके झाली.

"मान अवघडली का सर?"

"नाही. याहून मोठा दाखवा."

त्यानं बरंच काही सांगितलं. पडद्यामागचे दिवे, ठिपक्यांची संख्या, आवाज कुठून निघतो ते. एका पडद्यात काळा रंग खरा काळा दिसतो म्हणे. मी विचारलं, "आणि दुसऱ्यात?" तो म्हणाला, "त्यातबी काळाच दिसते, पण खरा नाई." मला दोन्ही काळे सारखे दिसत होते. मी रुंद टीव्ही कशाला म्हणतात ते विचारलं. तो म्हणाला, "आता सगळेच रुंद येते सर. जुने चौकोनी कोण बनवते?" हे मी कानाआड केलं. मला मोठेपणाची काळजी होती, रुंदीची नव्हती. शेवटी पंचावन्न इंचांचा टीव्ही घेतला. तो बरोबर म्हणून घेतला असं नाही. मला आणखी प्रश्न सुचेनात, म्हणून घेतला.

पुस्तकांचं कपाट त्या भिंतीवरून हलवणं भाग होतं. ते ठेवायला तिच्या खोलीखेरीज जागा नव्हती. तेरवीनंतर ती खोली मी उघडली नव्हती. पुस्तकं नेऊन ठेवताना प्रत्येक खेपेला मला असं वाटत होतं की ती आता म्हणेल, "इथेही आणलीत का?"

टीव्ही नेमका दिवाळीच्या तोंडावर आला. गल्लीत सगळीकडे दिव्यांच्या माळा लागलेल्या. आमच्याकडे यंदा सण नव्हता. टेम्पोतून पलंगाएवढं खोकं उतरलं, त्यावर फटाक्यांची चित्रं आणि मोठ्या अक्षरांत दिवाळीच्या शुभेच्छा. खोकं फाटकातून आडवं जाईना, उभंही जाईना. गल्लीतले लोक ओट्यांवर आले. काकू फाटकापर्यंत आल्या.

"सर, वर्ष व्हायचंय अजून," त्या हळू म्हणाल्या. "निदान दिवाळी तरी जाऊ द्यायची. काही झाकून तरी आणायचं."

त्यांनाच सगळं माहीत होतं, आणि त्यांना काही माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं तोच सासूबाई पदर ओढून व्हरांड्यात आल्या. दिवसाउजेडी, मी समोर असताना, त्या कधी व्हरांड्यात येत नाहीत. कठड्याला धरून त्या काकूंच्या आवाजाच्या दिशेला म्हणाल्या, "मीच म्हटलं घ्या म्हणून. मले पाहाचा हाय."

आणि आत गेल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहिलं. सासूबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला त्याचा गुंता सुटेना. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, आडवं धरा नं आता."

टीव्ही भिंतीवर लागला. बसवणारे लोक गेले. मी पेनड्राइव्ह लावला आणि कुठलंतरी बटण दाबलं. सासूबाई उंबऱ्याआड पाटावर बसून भांडी पुसत होत्या. मी मोठ्यानं, टीव्हीला सांगितल्यासारखं म्हणालो, "हिंगणीच्या लग्नाची फिल्म आहे." आत भांड्यांचा आवाज थांबला.

आधी फुलं आली. मग वाजंत्री, मांडव, हिंगणीचा तो रस्ता, वरातीतले लोक. आवाज फाटका होता. सासूबाई म्हणाल्या, "रंग दिसते. मानसं चालून राह्यली दिसते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तोंडं नाई दिसत."

म्हणजे एवढं अंतर मोजून, भागाकार करून, कपाट हलवून घेतलेला टीव्ही उंबऱ्यापासून उपयोगाचा नव्हता. अजून मोठा घ्यायला हवा होता की टीव्हीनं हे होणारच नव्हतं, मला कळेना. मी उठून उभा राहिलो. बाहेर जावं की थांबावं? एवढ्यात फिल्ममध्ये तिचा आवाज आला. कॅमेरावाल्याला ती दरडावत होती, "अहो, माझं काय काढता, नवरी तिकडे आहे!"

सासूबाई उठल्या. पाट हातात घेतला. मी बैठकीत उभा होतो, तरी त्या उंबरा ओलांडून आत आल्या, माझ्या जवळून गेल्या आणि टीव्हीसमोर, एक हात लांबवला तर पडद्याला लागेल इतक्या जवळ, पाट टाकून बसल्या. पदर खांद्यावर आला होता. त्यांनी चेहरा उजवीकडे, खिडकीकडे वळवला, आणि तसंच बसून राहिल्या. टीव्हीकडे त्यांचा कान होता. मला वाटलं, त्यांना सहन होत नाही. मग समजलं की त्या पाहत आहेत. कडेच्या नजरेनं.

"दिसली," त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या. "हे पाहा, दिसली. हसून राह्यली." आणि जरा वेळानं, "कशी भरली होती पोरगी."

तेव्हा मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि माझा गोंधळ उडाला. ती होती, आणि ती नव्हती. साडी तीच, हातवारे तेच, आवाज तोच, पण चेहरा गोल होता, खांदे रुंद होते. त्या वर्षी ती इतकी सडपातळ होती की तिच्या ब्लाउजांना टाचण्या लावाव्या लागत. मागून मी स्वतः आलो, तो तर कंत्राटदारासारखा दिसत होतो. सासूबाईंनी मला ओळखलं असावं. "जवाईबुवाबी तवा मस्त होते," त्या पडद्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला फोन करून विचारलं. तो हसला. "भाऊजी, जुनी शूटिंग चौकोनी राह्यते. तुमचा पडदा लांबोडा. मंग थे चित्र ताणते अन भरते. रिमोटात सेटिंग हाय, बदलवून टाका. दोन्हीकून काळे पट्टे येतीन, पण मानसं जशीच्या तशी दिसतीन."

ते सेटिंग शोधायला मला बराच वेळ लागला. सापडलं तेव्हा दुपार होती आणि सासूबाई पाटावर येऊन बसल्या होत्या. मी बदल केला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधल्या चौकोनात ती एकदम तिच्या मापाची झाली. अरुंद चेहरा, गालाची हाडं, बारीक मनगटं. मला ती इतकी अचानक ओळखीची वाटली की मी पडद्याजवळ गेलो.

सासूबाईंनी मान थोडी फिरवली, पुन्हा फिरवली. मग त्या वळल्या आणि मला विचारलं. भांड्यांना नाही, टीव्हीला नाही, मला. "हे काय केलं जी? ही बिमारीतली काऊन लावली?"

"आजारातली नाही," मी म्हणालो. "तीच आहे. तेच लग्न. काल यंत्र ताणून दाखवत होतं. खरी अशी होती."

"अशी सुकली नव्हती ती. शेवटी शेवटी सुकली. मी आंघोळ घालत होतो तिले, मले नाई मालूम का? तवा अशी होती. लग्नात नाई."

मला सांगायचं होतं की पडदा किती रुंद आणि चित्र किती रुंद, हे गणित आहे, यात मत नाही. बरोबर काय आहे ते मला माहीत होतं. पण त्यांनी शेवटचे महिने हातांनी पाहिलेली ती अशीच अरुंद होती, हेही खरं होतं. मी जिला पाहून खूश झालो, तिला पाहून त्यांना ते मोरीतले दिवस आठवत होते. मी बटण दाबलं. पट्टे गेले. ती पुन्हा रुंद झाली आणि हसली.

"हां," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. "ही."

त्यानंतर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि त्यामुळे मी अजून गोंधळात आहे. दुखणं येण्याच्या आधीच्या काही वर्षांत ती खरोखरच जाड झाली होती. चेहरा भरला होता, जवळपास या ताणलेल्या चित्राइतका. म्हणजे पडद्यावर जी दिसते तिची साडी तरुणपणातली आहे आणि चेहरा पन्नाशीतला. अशी ती कधीच नव्हती. पण सासूबाईंनी डोळे मिटले की आता तीच दिसते, असं त्यांनी काकूंना सांगितलं. मी मागच्या खोलीत होतो, ऐकलं. "आली वो बाई," त्या म्हणाल्या, "तोंड आलं."

अडचण अशी की मी डोळे मिटले तर मलाही हळूहळू तीच येते. सुरुवातीला मी रिमोट घेऊन, त्या झोपलेल्या असताना, काळे पट्टे लावून पाहत असे. आता ती अरुंद आणि जरा उभी ओढल्यासारखी वाटते, आणि मीच मनात म्हणतो, हे कुठंतरी चुकलं आहे. मग आठवतं की हेच बरोबर आहे. मग ते आठवणंही मला पुरेसं खात्रीचं वाटत नाही.

मेव्हणा संक्रांतीनंतर पुन्हा आला होता. आईला म्हणाला, "चाल आता." त्यांनी सांगितलं की इथला टीव्ही मोठा आहे. तो माझ्याकडे पाहून हसला आणि तुरीची डाळ ठेवून गेला.

सासूबाई इथेच आहेत. रोज दुपारी जेवण झालं की त्या पाट घेऊन बैठकीत येतात, मी ती फिल्म लावतो, आणि सेटिंगला हात लावत नाही.